काकूंच्या मनगटावरचा पक्षी

कोलशेतला आमच्या समोरच्या दारातल्या काकू पासष्टीच्या आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळ्यावरून टेपरेकॉर्डर आणि कॉलेजातल्या ठिपक्यांच्या साड्या खाली काढल्या. आता रोज सकाळी कानांत मोठ्या रिंगा घालून, जुनी गाणी गुणगुणत त्या भाजी निवडतात.

गेल्या महिन्यात सुनेने मनगटावर पक्ष्याचा टॅटू काढून घेतला, म्हणून मुलाने तिच्याशी बोलणंच सोडलं. चार दिवस काकूंनी ते पाहिलं. पाचव्या दिवशी एकट्याच टेंभी नाक्याला गेल्या आणि मनगटावर तस्साच पक्षी काढून आल्या. मुलाला जेवायला वाढताना म्हणाल्या, "अरे, आता माझ्याशीपण अबोला धर."

आधी सून हसली, मग तोही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "दुखलं का हो?"

"रडलेले मी तिथे," काकू हळूच म्हणाल्या. "सुनेला सांगू नकोस हं."