वडाच्या झाडाचा फोटो

लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही उशिरा पोचलो, त्यामुळे जागा मिळाल्या त्या अगदी मागे. बायको एक रांग पुढे, मी तिच्यामागे जरा तिरका, हातात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. लेक नाटकात वडाचं झाड झाली होती. वाक्य एकच, तेही दोन्ही हात वर करून म्हणायचं, "थांबा, मला तोडू नका!" तो क्षण आला आणि मी फ्लॅश मारला.

शेजारचे गृहस्थ हसले. "अहो, इथून कुठं पोचतोय तो उजेड!"

नाहीच पोचला. घरी येऊन पाहिलं, तर रंगमंचाच्या जागी मिट्ट काळोख आणि पुढे कुणाचं तरी टक्कल पौर्णिमेच्या चंद्रासारखं झळकलेलं. कॅमेऱ्याचा तो इवलासा दिवा माझ्यासारखाच भाबडा वाटला मला. नेम लांबच्या झाडावर धरायचा आणि उजळायचं हाताशी असलेलं माणूस, तेही चुकून.

कारण टकलाच्या बाजूला बायको होती. चेहरा अर्धाच दिसत होता, पण दोन्ही हात वर आणि तोंड चांगलं उघडं.

"आई, तू काय करत होतीस?" लेकीनं विचारलं.

बायको लाजली. "तू विसरली असतीस तर?"

तो फोटो आता आमच्या टीव्हीशेजारी आहे. पाहुण्यांना लेक स्वतःच समजावून सांगते, "मी त्या काळोखात आहे. आणि हे दिसतंय ना, ते माझं झाड."