रबरी चाकावरचं बोट

बंद पडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं, की मावशी आधी त्याचा वास घ्यायच्या. हात पाठीमागे बांधून, वाकून, नाक जाळीपाशी नेऊन. मग म्हणायच्या, "जळलेला नाही मेला. म्हणजे होईल काहीतरी."

त्या रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. तुम्ही त्यांच्याकडे गेला असतात तर त्या बसलेल्या कधीच दिसल्या नसत्या. चहासुद्धा ओटीवर येरझाऱ्या घालत प्यायच्या; दोन घरांमधल्या भिंतीतून त्यांची पावलं आम्हाला दिवसभर ऐकू यायची. "ड्युटीवर आठ तास खुर्चीला खिळलेली असते रे मी. घरी तरी मोकळी सोड!"

एकदा माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. एस.टी. साडेचारची. दुपारी एक वाजता मस्कतहून आलेल्या एका गृहस्थांनी तिथे नोकरीला असलेल्या माझ्या भावाची व्हिडिओ कॅसेट आणून दिली. त्याची मुलगी चालायला लागली होती. अण्णांनी नातीला अजून पाहिलं नव्हतं.

भावानेच मागे आणलेल्या जुन्या व्हीसीआरमध्ये मी कॅसेट घातली. खरखर झाली, पडद्यावर मुंग्या आल्या आणि आतून फीत चुरगळल्याचा आवाज. कॅसेट बाहेर येईना. अण्णा घड्याळाकडे बघत राहिले. मी मावशींकडे धावलो.

त्यांनी वास घेतला, बांगड्या काढून आईकडे दिल्या आणि झाकण उघडलं. गुंतलेली फीत नखाने सोडवली. एक रबरी पट्टा काढून मला दाखवला. "बघ, सैल पडलाय. आपल्याकडची दमट हवा. जा, पाणी उकळ."

"पाणी?"

"चहाला नव्हे, ह्याला."

पट्टा उकळत्या पाण्यात पडला. मावशी स्वयंपाकघर ते माजघर फेऱ्या मारत होत्या. आई पिशवीत औषधं भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. सव्वातीन वाजले. पट्टा थोडा आवळला होता. फितीचा चुरगळलेला तुकडा मावशींनी कापला, टोकं चिकटपट्टीने जोडली. चित्र आलं, पण पोहायला लागलं.

"हे रबरी चाक फितीला नीट दाबत नाहीय," त्या म्हणाल्या आणि चाकाच्या दांडीवर बोट टेकवलं. चित्र स्थिर झालं. बोट उचललं, पुन्हा पोहू लागलं.

"लाव रे सुरुवातीपासून. अण्णा, बघा तुम्ही."

वीस मिनिटं त्या तशाच वाकून उभ्या होत्या, टीव्हीकडे पाठ करून. त्या बाईला मी एवढा वेळ एका जागी कधी पाहिलं नव्हतं. एक पाय थरथरत होता. मी म्हटलं, "मी धरतो." तर खेकसल्या, "हलू नकोस!"

पडद्यावर मुलगी चार पावलं चालली, धपकन बसली आणि रडायच्या ऐवजी टाळ्या पिटायला लागली. अण्णा हसले. कित्येक आठवड्यांत हसले नव्हते ते. आईने घाबरून त्यांच्या छातीवर हात ठेवला, तरी हसतच होते.

साडेचारची गाडी मिळाली. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी अण्णा गेले.

वर्षभराने मावशींची बदली झाली, देवरूखला. जायच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, व्हीसीआर नीट करून आणलाय. त्या दिवशी तुम्ही काहीच बघितलं नाहीत. आज बसा ना."

त्या दारातच उभ्या राहिल्या.

"नको रे. माझ्या पाठीमागे अण्णा हसत होते, ते आहे माझ्या कानात. आता चित्र बघितलं तर ती मुलगीच लक्षात राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. पुढे त्या घरात एक शांत कुटुंब राहायला आलं. दुपारी आई हातातलं काम थांबवून मधल्या भिंतीकडे बघत राहायची. पलीकडून काहीच आवाज येत नसे.