सारवलेल्या भिंतीतला दात

"सर, सँपल भिंतीवर आहे," मी फोनवर म्हणाले.

आमचे प्रोजेक्टचे सर म्हणाले, "कुणाच्या?"

"शांताकाकूंच्या."

मी जीवाश्म शोधते, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांची हाडं, दात. पिंपळगाव राजाजवळ काकूंच्या शेतात विहीर खोदताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये राखाडी माती लागली. लाव्हाचे दोन लोट येऊन गेले, त्यांच्या मधल्या काळातला हा तळ्याचा गाळ. डायनासोर संपल्यावर मागे कोण उरलं, ते असल्या गाळात सापडतं. दोन पोती माती मी काकूंच्या अंगणात वाळत घातली आणि बुलढाण्याला गेले. तेवढ्यात विहिरीला पाणी लागलं आणि थर बुडाला. उरली फक्त ती दोन पोती, आणि काकूंनी त्यात शेण कालवून बैठकीची भिंत सारवली होती.

"लई चिकण माती व्हती, मॅडम. मले वाटलं, अशीच पडून हाये. उद्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

"काकू, मला भिंत खरवडावी लागेल."

"अन् पाहुण्यायले काय दाखवू? ढेकळं?"

रडावं की हसावं कळेना. मी हसायला लागले, मग काकूही. शेवटी त्या म्हणाल्या, "खरवडा. पण सांजच्या आत दुसऱ्या मातीनं तुमीच सारवून द्या."

मी पुढे खरवडत गेले, मागून आमचा ड्रायव्हर सारवत आला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बैठकीत पोहे खात होते. मागच्या अंगणात मी बारीक चाळणीतून माती धुवून भिंगाखाली धरत होते. कडब्याची काडी, काडी, आणखी काडी. आणि मग दात! मोहरीएवढा.

पाहुण्यांचं भान कुणाला? मी दात आणि भिंग घेऊन बैठकीत घुसले आणि धडाधडा बोलत सुटले. हा उंदराएवढा प्राणी, पिलांना दूध पाजणारा. मोठाली धुडं गेली, रान मोकळं झालं आणि या चिल्लर मंडळींनी पृथ्वी ताब्यात घेतली. हत्ती, घोडे, माकडं, माणसं, सगळी यांच्याच गोतावळ्यातली.

मुलाचे मामा तेव्हा नेमके घराण्याची चौकशी करत होते. काकूंनी माझ्या हातातलं भिंग दातासकट घेऊन त्यांच्या हातात दिलं.

"हा पाहा, मामा. आमचा मूळपुरुष."

सोयरीक जमली. दाताला नाव अजून मिळायचंय. माती वाळत घालायची तर आधी घरच्या बाईला सांगावं, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.