अक्काच्या गुडघ्यावरची पट्टी

अक्का मरत होती, आणि आम्ही तिच्या अंगावर चादर घातली.

आज वर्ष झालं.

अक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण. असोद्याला आमच्याच घरात राहायची.

आबांना कॅन्सर. शेवटी शेवटी डॉक्टरांनी वेदनेसाठी पट्ट्या लिहून दिल्या. छातीवर चिकटवायच्या. दिसायला अगदी कंबरदुखीच्या पट्टीसारख्या.

आत फेंटानिल. अफूच्या जातीचं, पण कारखान्यात बनवलेलं आणि कितीतरी जहाल.

त्याआधी आबा असे ओरडायचे की शेजारचे दारं लावून घ्यायचे. पट्टी लागली आणि माणूस चहा मागायला लागला.

अक्का बघत होती. "पट्टी लावली का कसा आराम पडते माझ्या भावाले!"

आबा गेले. दुसऱ्या दिवशी दारावर, सांत्वनाला येणाऱ्या बायांनी घर भरलेलं. अक्का भिंतीशी आडवी, डोळे मिटलेले.

मी उठवायला गेले तर काकू म्हणाली, "झोपू दे व तिले. रडून रडून थकली ती."

सगळ्यांना पटलं. मलाही. तिच्या अंगावर चादर घातली.

मग तिचं घोरणं विचित्र व्हायला लागलं. मध्येच थांबायचं. जवळ जाऊन पाहिलं तर ओठ निळे.

पाय चोळायला म्हणून पातळ सरकवलं. गुडघ्यावर रुईचं पान बांधलेलं, तव्यावर गरम करून, नेहमीसारखं. आणि पानाखाली आबांची उरलेली पट्टी.

शेकानं औषध भराभर अंगात उतरतं, हे नंतर कळलं.

पट्टी ओढून काढली आणि मुठीत घट्ट धरली. दादानं गाडी काढली. जळगाव काही लांब नाही, पण रस्ता संपेना.

दादा एकच वाक्य बोलत होता. "पट्टीचं नको सांगू. चिठ्ठी आबांच्या नावाची. हिच्याकडे कशी गेली, कोणी दिली, विचारतील. दहा-दहा, वीस-वीस वर्षं आत टाकतात नशेच्या औषधांच्या केसमध्ये."

माझा भाऊ वाईट नाही हो. घाबरला होता. मीही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध घेतलंय?"

दादा म्हणाला, "बीपीची गोळी. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी मूठ उघडली.

"आधी का नाही सांगितलं?" ते ओरडलेच. धावाधाव झाली, इंजेक्शन दिलं. अक्कानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वाचली.

संध्याकाळी इंजेक्शनचा असर ओसरला आणि श्वास पुन्हा थांबला. मग नाही आला.

पोलिसांनी जबाब घेतले. गुन्हा दाखल झाला नाही. पण गल्लीत जीप थांबली की दादा अजून मागच्या दारानं गुरांच्या वाड्यात जातो.

मी धुळ्याला राहते; तिथल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आता रोज नशेच्या औषधांवरून चर्चा. कायदा अजून कडक करा, हे सगळं बॅन करा, जन्मभर सडवा.

विकणाऱ्यांना सडवा. मी कुठे नाही म्हणते?

पण मला भीती वाटते. उद्या कोणाचे आबा असेच ओरडतील, आणि मेडिकलवाला म्हणेल, ताई, ही भानगड आम्ही ठेवत नाही.

आणि कुठल्यातरी गाडीत कोणीतरी म्हणत असेल, डॉक्टरांना नको सांगू.

सांगा रे बाबांनो. पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगा. पुढचं पुढे बघू.

अक्का, लोक म्हणाले, म्हातारीनं न विचारता पट्टी उचलली. तू काय चोर होतीस का? भाऊ गेलेल्या घरात आपला गुडघा दुखतो हे कुणाला कसं सांगायचं, एवढंच तुला वाटलं असणार.

जबाब, पोलिस, वकील यात तुझ्यासाठी धड रडायचंही राहून गेलं.

आज रडतेय.

नमस्कार करते, अक्का.