आधी सांगा, काय ओतलंय?

त्याला सगळे बिजली म्हणायचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तुंबलेलं सिंक मोकळं करण्यात त्याच्याइतका झटपट प्लंबर आसपासच्या चार गल्ल्यांत नव्हता. दारातून शिरता शिरता बाह्या सरसावायच्या, सिंकखालचं कपाट उघडायचं, उताणं पडून डोकं आत घालायचं आणि पान्ह्याचे दोन झटके देऊन वाकडा पाइप हातात घ्यायचा. घरच्यांनी पुढे केलेला चहा निवायच्या आत हा दुसऱ्या घरी. हातमोजे त्याच्या पिशवीत होते, पण ते पिशवीतच राहायचे. बायकोनं डोळे झाकणारा चष्मा आणून दिला होता. तो घातला की आपण वेल्डिंगवाल्यासारखे दिसतो म्हणून त्यानं तो घरी खिळ्याला टांगला होता.

"अहो, पाइप उघडायला तो खिळा जाणार आहे का?" बायको विचारायची. तो हसण्यावारी न्यायचा.

अशाच एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून त्याला बोलावणं आलं. घरात दोघीच होत्या. सासू निवृत्त नर्स. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची आणि त्यांच्या घरात टॉवेलसुद्धा त्यांना विचारून वाळतात, अशी थट्टा करायची. सून लग्न होऊन जेमतेम तीन महिने झालेली. अजून पाऊल न वाजवता चालणारी.

सिंकमध्ये चार बोटं गढूळ पाणी साचलं होतं. "कालपासून तुंबलंय. बघ बाबा," सिस्टर म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. सून ओट्याच्या कोपऱ्याशी उभी होती. काहीतरी सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण बिजली तोवर कपाटात शिरलाही होता.

पान्हा फिरला, पाइप सुटला आणि वरचं पाणी भसकन त्याच्या तोंडावर आलं. घाण पाणी अंगावर येणं त्याला नवं नव्हतं. पण हे पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यांत निखारे पडल्यासारखी आग झाली. तो किंचाळत उठायला गेला, तर चौकटीवर डोकं आपटलं. हात आपोआप डोळ्यांकडे गेले.

"हात खाली! चोळू नकोस!"

सिस्टर धावत आल्या होत्या. पासष्टीच्या बाईनं त्या दांडग्या माणसाची कॉलर धरली, त्याला फरफटत न्हाणीघरात नेलं आणि त्याचं डोकं नळाखाली धरलं. एका हातानं नळ सोडला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या पापण्या फाकवल्या. आधी एक डोळा, मग दुसरा, पुन्हा पहिला. मान अशी कलती धरली, की एका डोळ्याचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये. भिजलेला शर्ट सुनेला सांगून कात्रीनं कापून काढला.

"पुरे, सिस्टर, पुरे," तो विव्हळत होता.

"पुरे कधी ते मी सांगीन."

आरडाओरडा ऐकून शेजारीण वाटीभर दूध घेऊन आली. डोळ्यांत घाला, थंड वाटेल, म्हणाली.

"दूध चहात घाला. इथे फक्त पाणी," सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सिंकमध्ये काय टाकलं होतं?"

मागून सुनेचा रडवेला आवाज आला. "कॉस्टिक सोडा. अख्खी पुडी. तळणीचं उरलेलं तेल मीच ओतलं होतं, म्हणून तुंबलं. तुम्हाला कळू नये म्हणून..."

आता वीज कोसळणार, असं त्या अवस्थेतही बिजलीला वाटलं. पण सिस्टर म्हणाल्या, "बोललीस, बरं केलंस. ती पुडी कचऱ्यात असेल, ती घे. आणि खाली जाऊन गाडी बघ."

वीस मिनिटं झाल्यावरच त्यांनी त्याला नळाखालून काढलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि पुन्हा डोळे धुवायला घेतले. डोळ्यांत नेमकं काय गेलंय ते लगेच समजलं, आणि मुख्य म्हणजे घरीच भरपूर पाणी मारलं, म्हणून पुढचं निभावेल, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यांवर आठ दिवस पट्ट्या होत्या. पट्ट्या सुटल्या तेव्हा उजवा डोळा लख्ख होता. डाव्यात एक धूसर पडदा राहिला, तो आजही आहे.

त्या आठ दिवसांत त्याला विचार करण्याखेरीज काही काम नव्हतं. पहिले दोन दिवस तो सुनेवर मनातल्या मनात चरफडला. एवढं साधं सांगता आलं नाही? तिसऱ्या दिवशी त्याला तिचं उघडलेलं तोंड आठवलं. ती सांगतच होती की. थांबलं कोण नव्हतं?

चौथ्या दिवशी ती आली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "मला माफ करा," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही बोलला नसतात तर डॉक्टर अंदाज बांधत बसले असते," तो म्हणाला. "आणि मी विचारलंच कुठं होतं?"

कामावर परतला तेव्हा चष्मा नाकावर आला, मोजे हातात आले, आणि पान्ह्याआधी प्रश्न आला. सुरुवातीला तो पोलिसासारखा विचारायचा: "काय ओतलंय? खरं सांगा!" लोक हमखास म्हणायचे, "छे, काहीच नाही." एका घरी असं 'काहीच नाही' पाइपातून फसफसत बाहेर आलं, तेव्हा त्याला उमगलं की माणसं लाजतात, घाबरतात. मग त्यानं सूर बदलला. "माझ्या घरी तुंबलं असतं तर मीसुद्धा काहीतरी ओतलंच असतं. तुम्ही काय ओतलंत?" लगेच जिभा सैल व्हायच्या. आजींपासून साहेबांपर्यंत सगळे पुड्या-बाटल्या आणून दाखवायचे.

काही ओतलेलं नसेल, तर तो खाली बादली ठेवून पाइप उघडतो, नाहीतर रबरी पंप मारतो आणि घरच्यांनाही तो मारायला शिकवतो. काही ओतलेलं असेल, तर पंपाला हातसुद्धा लावू देत नाही; पाणी उसळून तोंडावर येतं. आणि एकावर दुसरं कधीच ओतू नका, हे तो दोनदा सांगतो. एका निवृत्त कारकुनानं न्हाणीघरात आधी ब्लीच आणि त्यावर ॲसिड ओतलं होतं. दारातच विषारी वायूचा वास ओळखून बिजलीनं घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत जिन्यात बसवून ठेवलं.

"बिजली म्हणतात ना तुला? इथे तर लोडशेडिंग दिसतंय," खोकता खोकता कारकून म्हणाले.

"साहेब, खोकला थांबला नाही तर आधी डॉक्टरकडे. न्हाणीघर कुठं पळून जात नाही," तो म्हणाला.

सिस्टर त्या अपघातानंतर अकरा वर्षं होत्या. त्यांच्याकडे तो कामाशिवायही जायचा. एकदा आभार मानायला लागला, तर त्यांनी त्याला गप्प केलं. "आभार कसले? माझ्या घरात पोरीला एवढंसं सांगायची भीती वाटावी, ही चूक माझी. त्या दिवसापासून मी आवाज खाली आणलाय. विचार तिला." सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "थोडासा आणलाय." तिघंही हसले. सिस्टर गेल्या त्या दिवशी त्यानं सगळी कामं रद्द केली आणि घरच्या माणसासारखा त्या घरात दिवसभर राबला.

आता तो दिवसाला दोनच घरं घेतो. सकाळी कामाला निघण्याआधी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतो, कारण बायकोला वाचता येत नाही आणि तिला जगातलं सगळं कळायला हवं असतं. बारीक अक्षर आलं की डावा डोळा मिटतो आणि उजव्यानं वाचतो. एखादी ओळ गाळली तर तिला बरोबर कळतं.

"मधलं खाल्लंत," ती भाजी चिरता चिरता म्हणते.

तो पान खिडकीच्या उजेडात धरतो आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो.