अठराव्या गोलातला गुलाब

जीपमधून उतरले आणि आधी फ्लेक्सकडेच पाहिलं, कारण तो मीच बनवला होता. आमच्या गावच्या नवयुवक मंडळाच्या गणपतीचा फ्लेक्स, फाट्यावर दोन बांबूंना ताणून बांधलेला. वर गणपती, खाली तीन ओळींत सहा-सहा गोल, प्रत्येक गोलात मंडळातला एक चेहरा. शेवटच्या ओळीतला शेवटचा गोल माझा.

त्या गोलात गुलाब होता.

लालभडक, पाकळ्यांवर दवाचे थेंब. खाली माझं नाव, आडनावासकट, अगदी बरोबर. बाकीच्या गोलांत सतरा मुलं, त्यातली निम्मी गॉगल लावून.

मला वाटलं, फाइल बिघडली. रिसोडच्या ज्या दुकानात आम्ही फ्लेक्स छापतो, तिथे कधी कधी फॉन्ट उडतात, तसा फोटो उडाला असेल. उडालेल्या फोटोच्या जागी रिकामी चौकट येते, गुलाब येत नाही, हे मला कळत होतं. तरीही रस्त्याच्या कडेला उभं राहून मी दुकानात फोन लावला.

"नाही ताई, फाइल बरोबरच होती," तिथला ऑपरेटर म्हणाला. "तुमच्या मंडळातून फोन आला, लेडीजचा फोटो नका टाकू म्हणून. तसं असलं की आपण गुलाब टाकतो. तयारच असतो आपल्याकडे. लग्न झालेली असली तर कळस."

तयारच असतो. म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणींच्या जागी हाच गुलाब, हेच थेंब.

मंडळाच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती सात वर्षांची असताना. इंग्लिश शाळेची बस मला साडेतीनला सोडायची आणि आई शेतातून सहाला यायची. खोली आमच्या घरासमोरच. टिनाचं छप्पर, मधोमध कॅरम, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लेझमी. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनीच मला आत बोलावलं. तेव्हा ते पंचविशीत होते. आता चाळिशी ओलांडली तरी नवयुवकच आहेत.

शाळेत मराठी बोललेलं चालत नसे, आणि इथे मला मराठी आकडे येत नाहीत म्हणून हसायचे. "ए इंग्लिस मॅडम, सदुसष्ट मंजे किती, सांग!" मी सेव्हंटी-सिक्स म्हणायचे आणि मग आठवडाभर तेच ऐकायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. माझं गप्प राहणं भाऊंच्या लक्षात आलं. मी तेरा वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात खडूचा डबा आणि खोलीची किल्ली दिली. "बोलता येत नाही ना तुले? मंग लिहीत जाय."

चौकात मंडळाचा काळा बोर्ड आहे. वार, तारीख, शेतातली विजेची लाइन किती वाजता येणार, कोणाचं वासरू हरवलं, कोण वारलं. नऊ वर्षं तो बोर्ड मी लिहिला. रोज सकाळी साडेसहाला, चौकात कोणी नसताना. माझं मराठी त्या बोर्डावर सुधारलं. मी मंडळातली आहे, हे मला कोणी सांगायची गरज पडली नव्हती.

आता मात्र विचारावं लागणार होतं. मी तशीच खोलीवर गेले. मुलं लाइटच्या माळांचा गुंता सोडवत होती.

"भाऊ, माझा फोटो काढायला तुम्ही सांगितलं?"

"हाव," भाऊ माळेवरची नजर न काढता म्हणाले. "तुह्याच भल्यासाठी व. उद्या कोणी सोयरीक घेऊन आलं, त पोरगी आधी फाट्यावरच पाहातीन का?"

"अवं, नाव त आलं ना तुहं!" स्टुलावर चढलेला मुलगा म्हणाला. माझ्याच वयाचा, लहानपणापासून कॅरमला माझा जोडीदार. "अन् गुलाब कसला भारी हाये! माहा फोटो पाय, चोर दिसून राहिलो मी."

सगळे हसले. तो खरंच तसा दिसत होता. एरवी मीही हसले असते.

"बाकी सगळ्या सभासदांचे फोटो आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

भाऊंनी माळ खाली ठेवली. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तू सभासद कायची व? तू त घरची पोरगी हायेस."

हे त्यांनी मायेनं म्हटलं. रागावून म्हटलं असतं तर मला काहीतरी सुचलं असतं. खोलीत कोणालाच काही वावगं वाटलं नाही. माळांचं काम पुन्हा सुरू झालं. मी पंधरा वर्षं त्या खोलीत येत होते आणि त्या पंधरा वर्षांत मी नेमकी कोण होते, हे एकट्या मलाच माहीत नव्हतं.

घरी आईनं फ्लेक्स आधीच पाहिला होता. "बरं केलं भाऊनं," ती म्हणाली. "मले त धाकच होता. गुलाब गोड दिसते."

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार. साडेसहाला मी गेले नाही. दहाला गेले, चौक भरलेला असताना. भाजीवाल्या बोर्डाच्या पायापर्यंत पसरल्या होत्या, त्यांना सरकायला सांगावं लागलं. कालचं पुसलं आणि लिहायला घेतलं. वार, तारीख, आरतीची वेळ. पाठीवर सगळ्यांच्या नजरा जाणवत होत्या. खडू इतका दाबून लिहीत होते की तो दोनदा मोडला.

हॉटेलच्या बाकावर रोज बसणारे एक आजोबा उठून जवळ आले. गावात बोर्ड सगळ्यात आधी तेच वाचतात.

"अवं, हा बोर्ड तू लिवतं का?"

"हो, आजोबा."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"घ्या! मी त समजो, मंडळाचा एखादा पोट्ट्या लिवते."

फाट्यावरच्या गुलाबापेक्षा हे मला जास्त लागलं. नऊ वर्षं मला कोणी लपवलं नव्हतं. साडेसहाची वेळ मीच निवडली होती, कोणी पाहू नये म्हणून.

बोर्ड पूर्ण केला. खोलीवर जाऊन किल्ली आणि खडूचा डबा भाऊंना दिला. "परीक्षा हाये का? झाली की ये मंग," ते म्हणाले. परीक्षा नव्हती. त्या खोलीत मी त्यानंतर गेलेले नाही.

परत येताना आजोबा अजून बोर्डापुढेच उभे होते. "उद्या कितीक वाजता लिवशीन?"

"उद्या मी नाही लिहिणार, आजोबा."

"काहून व?"

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. एरवी मी ओढणीला पुसून टाकत असे. तशीच उभी राहिले, आणि पहिल्यांदाच कोणालातरी सगळं सांगायला लागले.