दिराच्या नळीवर गेलेला

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी. त्यांचा हा गैरसमज मी आजवर मोठ्या मायेनं जपला. खरं सांगायचं तर सोळाव्या वर्षी अख्ख्या ठाण्यात माझ्यासारखी दीडशहाणी शोधून सापडली नसती. कल्याणला माहेरी वडिलांनी मला बालबोध आणि मोडी दोन्ही शिकवलेली, आणि ती विद्या मी नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरत असे. सासूबाई म्हणायच्या, "हिला शिंक आली तर अक्षरं सांडतील."

इकडची, म्हणजे नातवंडांच्या आजोबांची, नोकरी मुंबईला, आगबोटींवर खलाशी भरतात त्या कचेरीत. सकाळच्या गाडीनं जाणं, दिवेलागणीला येणं. खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. तो आपल्या ओळखीची माणसं घेऊन यायचा. साहेबापुढे एकेकाचं नाव, बापाचं नाव, गाव पुकारायचं, करार वाचून दाखवायचा आणि वहीत अंगठा घ्यायचा. वाटेत कुणी आजारी पडून परमुलखात उतरला, तर त्याचं औषधपाणी करून त्याला परत आणणं आगबोटवाल्यांच्या गळ्यात. पण ज्याचं नाव वहीत, त्यालाच. आणि प्रत्येक खलाशाजवळ मागच्या सफरीचा दाखला लागे. तो भिजू नये म्हणून पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून दाखल्यालाच सगळे 'नळी' म्हणत. नळीवर चांगला शेरा नसला तर सारंग दारात उभं करत नसे.

हे सगळं जेवताना ऐकून ऐकून मला पाठ. मला वाटे, निम्मी कचेरी मीच चालवते.

डोंबिवलीकडच्या खाडीकाठची एक आगरीण आमच्याकडे निवट्या घेऊन येई. माशाशिवाय आमच्या घरात पान हलत नसे, त्यामुळे तिचं येणं आठवड्यातून दोनदा. नवरा तिचा मिठागर सोडून आगबोटीवर गेलेला. एक दिवस ती टोपली डोक्यावरून न उतरवताच ओसरीशी उभी राहिली. सारंगाचा निरोप आला होता. तिचा माणूस तापानं पडला, म्हणून त्याला एडनच्या इस्पितळात उतरवून आगबोट पुढे गेली.

"बाय, तुमच्या मालकांना इचारा ना, त्याला मागारी कवा आनतील?"

"नाव सांग त्याचं."

तिनं फाडकन सांगितलं. मी हबकले. नवऱ्याचं नाव, भर दुपारी, आणि साधा उखाणासुद्धा नाही!

"अगं, जिभेला काही हाड? नवऱ्याचं नाव घेतेस?"

"त्याचा कशाला घेऊ मी!" तीच माझ्यावर उसळली. "ह्यो तर माज्या धाकल्या दिराचा नाव. नळी दिराची हाय ना."

मग उलगडा झाला. दीर तीन सफरी केलेला, नळीवर झकास शेरा. शिमग्याच्या आधी पटकीनं गेला. नळी घरात तशीच. सारंग म्हणाला, नवख्याला कोण घेतो? भावाची नळी वाया कशाला घालवता? तेव्हा थोरला धाकट्याच्या नावावर अंगठा उठवून गेला. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. गेलेल्या भावाची होडी चालवावी, तशी त्याची नळी चालवायची.

दुसऱ्या दिवशी वही पाहून येणं झालं. "आहे नाव. एडनला उतरवलाय. बरा झाला की पाठवतील. त्या बाईला सांग, स्वस्थ बस."

"पण ते नाव त्याचं नाहीच मुळी," मी म्हटलं. "मेलेल्या भावाचं—"

"तू बोलली नाहीस आणि मी ऐकलं नाही. निम्म्या नळ्या तशाच असतात. तूही स्वस्थ बस."

स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेत कुठल्याच घरात नव्हतं. मला रात्रंदिवस एकच चिंता. इस्पितळात त्याला मेलेल्या भावाच्या नावानं हाका मारत असतील. तापाच्या ग्लानीत तो ओ देईल का? आणि खरं सांगितलं तर साहेब काय खाणार आहे? मी ठरवलं, आपण थेट साहेबालाच अर्ज लिहायचा.

आगरिणीकडून खरं नाव काढताना मात्र घाम फुटला. लाजली, पदर चावला, शेवटी तिनं तळ्याकाठच्या देवळाकडे बोट केलं. त्या देवाचं नाव ते तिच्या नवऱ्याचं.

"बाय, ह्यानं काय वाकडा तर नाय ना व्हनार?"

"मी लिहितेय ना!" मी म्हणाले.

लिहिला. दीड दिवस लिहिला. सत्याच्या महतीवर दोन सुभाषितं घातली. खाली सही केली, 'आपल्या कचेरीतील कारकुनाचे कुटुंब'. आणि घरात कुणाला न सांगता टपालात टाकला. आता आठवलं की त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. पण पाठ माझीच, आणि हात तिथवर पोचत नाही.

दीड महिन्यानं एका संध्याकाळी पागोटं खुंटीला लागलं आणि शांतपणे बोलणं झालं, "अर्ज छान होता. साहेबानं भाषांतराला मलाच बसवलं."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. जमीन कसली दुभंगते!

"गावच्या पाटलाकडे चौकशी गेली. त्यानं खरं ते लिहून दिलं, धाकटा मेला. आता वहीतला माणूस मेलेला, आणि इस्पितळातला माणूस वहीत नाही. आगबोटवाले म्हणतात, आम्ही आणायचं कुणाला?"

"मग आपण दुसरा अर्ज—"

"नको."

रागावणं झालं असतं तर बरं होतं. साहेबाशी दोनदा बोलून पाहिलं म्हणे. सारंगानं कानांवर हात ठेवले. शेवटी एडनहून उत्तर आलं, की तो माणूस बरा होऊन इस्पितळातून निघून गेला. कुठे, ते ठाऊक नाही.

हे आगरिणीला सांगायचं काम माझं.

"बरा झाला?" तिचा चेहरा उजळला.

"झाला. पण आता त्याला कुणी आणून सोडणार नाही." आणि मी सगळं सांगितलं. अर्ज, पाटील, वही.

ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होते. खाडीकाठच्या शिव्या काही लेच्यापेच्या नसतात. तिनं एकही दिली नाही. एवढंच म्हणाली, "मना वाटला, तुमाला लिवता येतं म्हंजे समदाच येत असंल."

मग म्हणाली, "त्याला एक कागद धाडा. एडनला जानाऱ्या खलाशांकडं द्या. कोनाला तरी दिसंल."

मी कागद घेतला. 'घरी ये' एवढाच मजकूर. पाकिटावर येऊन बोरू थांबला. दिराचं नाव आता चालणार नव्हतं. आणि पोटासाठी तो एव्हाना तिसऱ्याच कुणाच्या नळीवर गेला असेल, तर कुठल्या नावाला ओ देत असेल? मी विचारलं, "कुणाचं नाव घालू?"

तिनं टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्याचं नाव घेतलं. पुटपुटली नाही. खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं घेतलं. माजघरातून सासूबाई बाहेर येऊन पाहायला लागल्या.

पाकीट चार महिन्यांनी न फोडता परत आलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "मागारी आला म्हंजे तो तिथं नाय? का हाय, पन गावला नाय?"

खलाशानं ते इस्पितळात दिलं असावं; पाकिटावर तिथले शिक्के होते, शाईच्या दोन रेघा होत्या. मी सगळं वाचलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. गावातल्या बायका तिला म्हणत, कुंकवाचं काय ते ठरव. ती म्हणे, "वहीत तो कवा गेलाच नाय, मंग मेला कसा म्हनू?"

त्यानंतर कितीतरी वर्षं एडनकडे जाणारी आगबोट लागली की ती यायची आणि मी पाकीट करून द्यायची. सुभाषितं नाहीत, काही नाहीत. मला ते नाव पाठ होतं, तरी दर वेळी मी विचारायची आणि दर वेळी ती सांगायची. लाजणं कधीच संपलं होतं.